‘डीप कॅमिओ’ला मराठीत काय म्हणावं?

धुरकरी: आर्वीच्या एका सराफासाठी सोन्याच्या प्रूफ नाण्यांच्या (झिलई केलेल्या ठशांनी संग्राहकांसाठी खास पाडलेल्या) प्रतवारीची टिपणं मराठीत करतोय. त्यात ‘डीप कॅमिओ’ असा शेरा येतो. ‘कॅमिओ’ शोधलं की ‘पाहुणा कलाकार’ सापडतो. म्हणजे नाण्यावरची राणी दोन मिनिटं येऊन गेली. ‘उठाव’ लिहिलं तर सराफ चूक म्हणतात. का?

पळसपान: सराफांचं बरोबर आहे. उठाव रोजच्या रुपयालाही असतो. कॅमिओ म्हणजे दोन पृष्ठभागांतला फरक: मोकळी जागा आरशासारखी, चित्र नि अक्षरं मंद. नाणं पाडायच्या ठशावर सगळं उलटं. नाण्याचा चेहरा तिथे खळगा असतो, मोकळी जागा सपाटी. झिलई केली की सपाटी चकाकते, खळग्यातला खरखरीतपणा शाबूत राहतो आणि तोच नाण्यावर उतरतो. दाबाखाली धातू सरकून सरकून खळगाही गुळगुळीत होतो, म्हणून नव्या ठशाची पहिली नाणी सरस.

कापूसकोंड्या: मग ‘दहिवरी नाणं’ म्हणा ना भौ! हरभऱ्यावर दहिवर, खाली काळी जमीन. अन ‘कॅमिओ’ तर मले आपल्या ‘काम’वरूनच गेलेला वाटते. जरीकाम, नक्षीकाम, कामिओ.

नथीचा आकडा: ‘काम’ जमत नाही. इटालियन ‘काम्मेओ’, त्यामागचं मूळ वादात आहे. रत्नावर उंच कोरलेलं चित्र ते कॅमिओ, आत खोदलेलं ते इंटाल्यो. दोन रंगांच्या थरांचा दगड घ्यायचे, फिक्या थरात चित्र, गडद थर मागे. नाण्यांनी हा रंगभेद उचलला. आणि दहिवर उन्हात चमकतं, इथे चित्र चमकता कामा नये.

धुरकरी: बरं, क्रियापद कोणतं? ‘कॅमिओ मोजणे’?

पळसपान: ‘पारखणे’. दर्जासाठी 70 पर्यंतच्या आकड्यांत दिलेली प्रत वेगळी, कॅमिओचा शेरा वेगळा. एकच पिवळा बल्ब ठेवा, ट्यूबलाइट बंद. तिच्या पसरट उजेडात फरक बुजतो. नाणं कडांना धरून हळूहळू कलतं करा. मोकळी जागा काळी पडेल त्या क्षणी चित्र पिवळं, मंद आणि सलग दिसलं पाहिजे. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग पाचपट भिंगातून गाल नि कानावरचे केस. उंचवट्यावर चकाकता ठिपका असेल आणि त्यात बारीक रेघा असतील, तर बोट किंवा कापड घासलंय. रेघा नाहीत, चकाकी भोवतालात विरत जाते, तर ठसाच झिजलेला. सोन्यात पिवळ्यावर पिवळं, चांदीइतका फरक डोळ्यात भरत नाही. फोटोवर तर विसंबूच नका, कोन साधला की साधं प्रूफही काळं-पिवळं दिसतं.

दोन्ही बाजू पाहा. एक डीप, म्हणजे फरक अगदी ठळक, आणि दुसरी साधं कॅमिओ असेल तर नाण्याला साधं कॅमिओच. एक बाजू अजिबात बसत नसेल तर शेराच नाही. पीसीजीएस नि एनजीसी या नाण्यांची प्रतवारी करणाऱ्या कंपन्या. पीसीजीएसचं ‘डीप’ म्हणजे एनजीसीचं ‘अल्ट्रा’.

नथीचा आकडा: अनुवादात ‘कॅमिओ नाही’ याचं ‘हलक्या प्रतीचं नाणं’ करू नका. 1902 पासून काही वर्षं अमेरिकी टांकसाळीने ठशातल्या चित्रालाही झिलई केली, त्या प्रूफांत कॅमिओ क्वचितच. 1908 पासूनच्या मॅट प्रूफांना तर आरसाच नाही.

कापूसकोंड्या: मंग देव्हाऱ्यातला टाक घ्या ना. टाक अन टाकसाळ एकाच घरचे. ‘टाकझळक’ कसं वाटते?

नथीचा आकडा: टाक पत्र्यावर ठोकून उठवतात. पूजेला रोज घासून त्याचा चेहराच जास्त चकाकतो, उंचवटा उजळ नि खोलगट भाग काळपट. म्हणजे उलटा कॅमिओ. आणि ‘टांकसाळ’, अनुस्वारासकट.

कापूसकोंड्या: अनुस्वार बोलते कोण? इकडे टाकसाळच.

पळसपान: मूळ ‘टंकशाला’, म्हणून पुष्कळजण अनुस्वार लिहितात.

धुरकरी: मी सध्या ‘गडद कॅमिओ’ लिहून ठेवतो.

कापूसकोंड्या: गडद कायले? गडद तर मोकळी जागा दिसते, चित्र नाही. अन टंकशालाच धरायची तर मंग देवाच्या टाकालेही ‘टांक’ म्हणा!