पेज शिजत असताना इंडक्शन शेगडी अतिउष्णतेची सूचना देऊन बंद पडते: दोष भांड्याचा की यंत्राचा?

प्रश्न (फोंडा)

नमस्कार. आमच्याकडे २००० वॉटची, एका भांड्याची इंडक्शन शेगडी आहे आणि सकाळचा चहा व पेज तिच्यावरच होते. पावसाळा सुरू झाल्यापासून ती पूर्ण वॉटवर पंधरा-वीस मिनिटे चालली की बीप वाजते, त्रुटीचा आकडा दिसतो आणि तापणे थांबते. माहितीपुस्तिकेत त्या आकड्यापुढे ‘अतिउष्णता’ एवढेच लिहिलेले आहे. आम्ही लगेच स्विच बंद करतो. थोड्या वेळाने शेगडी पुन्हा चालू होते, परंतु या खेपेस पहिल्यापेक्षा लवकर बंद पडते. उकड्या तांदळांना बराच वेळ सलग उकळी लागते, त्यामुळे अडचण रोजची झाली आहे. पातेले स्टीलचे व सपाट बुडाचे आहे, पंख्याचा आवाज येतो, आणि चहा करताना असे कधीही होत नाही. दुरुस्तीला देण्यापूर्वी घरी काय तपासावे?

उत्तर (म्हापसा)

ताई, मी या शेगड्यांची दुरुस्ती करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अशा शेगडीत तापमान सहसा दोन ठिकाणी मोजले जाते. एक थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा छोटा सेन्सर, काचेच्या खाली, कॉइलच्या (भांडे तापवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या) मध्यभागी काचेला टेकवलेला असतो आणि तो भांड्याच्या बुडाची उष्णता पाहतो. दुसरा आतल्या ॲल्युमिनियमच्या हीट सिंकवर, म्हणजे तापणाऱ्या भागाची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, असतो. घरात येणारा ५० हर्ट्झचा प्रवाह एकदिश करून पुढे सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा चालू-बंद करण्याचे काम आयजीबीटी नावाचा जो भाग करतो, तो याच हीट सिंकवर बसवलेला असतो आणि या कामात तो स्वतः बराच तापतो. त्याला थंड ठेवणारा लहान पंखा शेगडीच्या तळाकडून हवा ओढतो आणि मागच्या किंवा बाजूच्या फटींतून बाहेर टाकतो.

आपण दिलेल्या लक्षणांवरून माझा संशय या दुसऱ्या जागेवर आहे. चहा लवकर होतो, तेवढ्यात हीट सिंक मर्यादेपर्यंत तापत नाही. स्विच लगेच बंद केल्याने पंखाही थांबतो, आतली उष्णता आतच राहते आणि म्हणून दुसऱ्या खेपेस शेगडी लवकर थांबते. यापुढे सूचना आली तर केवळ शेगडीवरचे बटण बंद करावे आणि पंखा आपोआप थांबेपर्यंत भिंतीवरचा स्विच चालू ठेवावा.

आता खात्री करून घेऊ. शेगडी पूर्ण थंड झाल्यावर त्याच पातेल्यात अर्ध्याहून थोडे अधिक साधे पाणी घेऊन तेवढाच वेळ, तेवढ्याच वॉटवर चालवावी. पेज दाट होऊन तळाला बसते व बूड अधिक तापते. साध्या पाण्याने ती शंका उरत नाही, कारण पाणी शंभर अंशांच्या आसपासच राहते. पाण्यानेही सूचना आली, तर बुडाला दोष देता येत नाही. हीच तपासणी एकदा नेहमीच्या जागी आणि एकदा चहूबाजूंनी मोकळ्या टेबलावर करावी. हवा बाहेर पडते त्या फटींपाशी पातळ कागदाची पट्टी धरून ती जोराने हलते का, हेही पाहावे. पंख्याचा आवाज येतो म्हणजे हवा पुरेशी वाहते असे नाही; पात्यांवर तेलकट वाफ आणि धूळ यांचा थर बसला की पंखा फिरत राहतो, पण वारा कमी पडतो.

तळाच्या जाळीवरची धूळ प्लग काढून कोरड्या मऊ ब्रशने साफ करावी. शेगडी मात्र घरी उघडू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) प्लग काढल्यानंतरही काही काळ सुमारे ३२५ व्होल्टपर्यंतचा दाब राहू शकतो.

उत्तर (काणकोण)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी एक भर घालतो. शेगडी रात्रभर थंड असूनही सकाळी चालू करताक्षणीच अतिउष्णता दाखवत असेल, तर ते खरे तापणे नसते. या थर्मिस्टरचा रोध तापमान वाढले की कमी होतो. पावसाळ्यात खारट दमट हवेने त्याच्या जोडांवर ओल धरली, की तसाच कमी रोध यंत्राला दिसू शकतो आणि थंड काचही त्याला तापलेली भासते. तिथे कितीही वेळ थांबून उपयोग नसतो. कारागिराकडून जोड स्वच्छ करून घ्यावे किंवा थर्मिस्टर बदलून घ्यावा. हा भाग फार महाग नसतो, त्यामुळे लगेच नवीन शेगडी घेण्याची घाई करू नये.

उत्तर (डिचोली)

चवथीच्या नेवऱ्या तळणाऱ्यांनी काचेखालच्या सेन्सरचाही विचार करावा. तेल पाण्यासारखे शंभर अंशांवर थांबत नाही, आणि बूड वाकलेली पातळ कढई पूर्ण वॉटवर ठेवली की मधला भाग झपाट्याने तापून शेगडी थांबते. तिथे ती आपले कामच करत असते. जाड, सपाट बुडाची कढई घेऊन आच मध्यम ठेवल्यास तळण सलग होते. शिवाय २००० वॉटला साधारण पावणेनऊ अँपियर प्रवाह लागतो, तेव्हा १६ अँपियरचा सॉकेटच वापरावा. प्लग तापण्याची सूचना पडद्यावर येत नाही; तो अधूनमधून हात लावूनच पाहावा लागतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर (फोंडा)

आपल्या सर्वांचे मनापासून आभार, देव बरें करूं. सांगितल्याप्रमाणे पाणी ठेवून पाहिले. ओट्याच्या कोपऱ्यात पाण्यानेही सूचना आली. बाहेरच्या खोलीतील टेबलावर, तेवढ्याच वेळात व तेवढ्याच वॉटवर, आली नाही. पावसात ओट्यासमोरची खिडकी बंद असते आणि शेजारच्या गॅसवर त्याच वेळी भाकऱ्या होतात, त्यामुळे पंखा तीच गरम, वाफाळलेली हवा ओढत असावा असे दिसते. कागदाची पट्टी मात्र टेबलावरही फारशी हलली नाही. जागा बदलणे पुरेसे आहे, की पंखाही पाहून घ्यावा?

उत्तर (म्हापसा)

दोन्ही करावे. मागे व बाजूंना निदान चार बोटे जागा मोकळी सोडावी आणि शेगडी गॅसपासून दूर ठेवावी. पट्टी हलत नाही म्हणजे पंखा साफ करण्याची किंवा बदलण्याची वेळ आली आहे. कारागिराला आयजीबीटीखालची उष्णतावाहक पेस्ट सुकली आहे का, तेही पाहायला सांगावे. तोपर्यंत उकळी आल्यावर पेज हजार-बाराशे वॉटवर ठेवावी. झाकण किंचित उघडे ठेवल्यास तेवढ्या आचेवर उकळी टिकते आणि हीट सिंकवरचा भार बराच कमी होतो.