मदत हवी आहे: बंद मिलमध्ये आत जायची परवानगी कोणाकडून मिळते?

नमस्कार मंडळी, माझे आजोबा नागपुरात एम्प्रेस मिल या कापड गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या विभागात होते, तीच मिल जी जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली आणि आता तिच्या जागेवर मॉल उभा आहे. त्यांची सूत गुंडाळायची एक लाकडी बॉबिन अजून आमच्या घरी आहे, हात लागून लागून पार गुळगुळीत झालेली.

आता शहरातल्या दुसऱ्या एका बंद मिलचे फोटो काढायचा विचार करून राहिलो, कारण उरलंसुरलंही पडायच्या आधी नोंद व्हायला पाहिजे असं मनापासून वाटते. परवा गेटवर गेलो तर चौकीदार भाऊ म्हणाले, साहेबाचं लेटर आणा. फटीतून बघितलं तर पत्रे खाली आलेले, भिंतीतून पिंपळ फुटलेला, लपूनछपून आत घुसायचं नाहीच आहे मला.

तर परवानगीचा अर्ज नेमका कोणाकडे करायचा, जागेच्या मालकाकडे की कलेक्टर ऑफिसमध्ये? पावसाळ्यानंतर जावं का, सापाविंचवाची भीती असते म्हणून विचारतो. आणि कोणाच्या घरी मिलमध्ये पाळी केलेले आजोबा-काका असतील तर प्लीज सांगा, मी घरी येऊन त्यांच्याशी बोलेन.