तिसरा अल्बम गडद हवा आहे, डेमो मात्र गढूळ होतोय

मंद्र_७
पाच जणांचा रॉक बँड: दोन गिटार, बेस, ड्रम्स, गायक. आधीचे दोन अल्बम सरळसोट, नेहमीच्या ई ट्यूनिंगमधले. तिसरा गडद आणि प्रयोगशील करायचा आहे. डेमोची सध्याची स्थिती अशी: सगळं चार सेमीटोन (गिटारच्या चार पट्ट्या) खाली, म्हणजे सी स्टँडर्ड, पण तारा जुन्याच १०–४६ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात). दोन्ही गिटारांवर भरपूर डिस्टॉर्शन, प्रत्येक ट्रॅकवर मोठ्या हॉलचा रिव्हर्ब (घुमारा), टेम्पो मिनिटाला ८४ मात्रा. हेडफोनवर नुसता चिखल, फोनच्या स्पीकरवर बेस गायब.

विचारायचं ते एवढंच. तारा कुठल्या घ्यायच्या? ड्रम्स अंगावर यावेत पण चकाकू नयेत, हे कसं जमवायचं? आणि खऱ्या टेपचा लूप (टोकं जोडून फिरत राहणारा तुकडा) कापून चिकटवायचा तर मापं काय? 'थोडं इक्यू करून बघा' छापाचे सल्ले कृपया नकोत.

खुंटी_पीळ
आधी तारा, बाकी सगळं त्यांच्यावर उभं आहे. तारेचा ताण वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. चार सेमीटोन उतरलात की ताण ६३ टक्क्यांवर येतो. अशी लोंबकळती तार पिकचा फटका बसला की आधी वर चढते आणि मग सुरावर उतरते. दोन गिटार वेगवेगळ्या जोराने वाजल्या की दोघी सतत एकमेकींशी किंचित बेसूर. तुम्ही ज्याला चिखल म्हणताय त्यातला निम्मा हाच.

तोच ताण परत हवा तर जाडी १.२६ पट लागते: ४६ ची ५८, १० ची १२.६. सेट निवडताना १२–५६ ते १३–६० या टप्प्यात राहा. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात तो तुकडा) जुन्या खाचेत अडकते आणि सुरात लावताना 'टिंग' करून उडी मारते, तेव्हा खाच रुंद करून घ्या. ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) तपासा. मग बाराव्या पट्टीवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) ताडून बघा. दाबलेला चढा निघाला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, उतरता निघाला तर पुढे.

बेससाठी सोपा उपाय: पाच तारांचा सेट घ्या, सगळ्यात बारीक, 'जी' सुराची तार बाजूला ठेवा आणि उरलेल्या बी-ई-ए-डी तारा एक सेमीटोन चढवून सी, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट अशा लावा. १३० ची तार काही खुंट्यांच्या भोकात जात नाही, ते आधी बघून घ्या.

आता डिस्टॉर्शन. खालचा सी ६५.४ हर्ट्झ. त्यावर पंचम वाजवला तर तो ९८. दोघांतला फरक ३२.७, म्हणजे त्याच सीचा खालचा सप्तक. म्हणून पॉवर कॉर्ड भरदार वाटते. आता पंचमाऐवजी कोमल गंधार घ्या: ७७.८. फरक १२.४ हर्ट्झ, हा कुठलाच सूर नाही, नुसती फडफड. डिस्टॉर्शन ही फडफड वर काढून दाखवतं. तेव्हा कोमल गंधार एक सप्तक वर, दुसऱ्या गिटारकडे द्या. गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण ठरवणारी खुंटी) आहे त्याच्या निम्मा करा. गडदपणा गेनमधून येत नाही हो, स्वरांच्या निवडीतून येतो. बेसचा षड्ज धरून ठेवा आणि वरच्या गिटारने कोमल रिषभ किंवा तीव्र मध्यम लावून सोडवायचाच नाही. एवढ्यानेच अर्धं काम होतं.

बारा_मात्रा
वरच्याशी सहमत. ड्रम्सचं सांगतो.

चकाकी येते सिंबल्समधून, ड्रम्समधून नाही. ब्रिटिश गायक पीटर गेब्रिएलच्या १९८० सालच्या तिसऱ्या अल्बममध्ये सिंबल्स नाहीतच. गेब्रिएलने ड्रमर्सना तशी अटच घातली होती. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत फिल कॉलिन्स वाजवत असताना इंजिनिअर ह्यू पॅडगमने वादकांशी बोलण्यासाठी खोलीत टांगलेल्या माइकचा आवाज घेतला. त्या माइकवर जबरदस्त कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर आणणारं यंत्र) होता, त्यापुढे गेट (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणारं यंत्र) लावला, आणि पुढे दशकभर गाजलेला तो ड्रम्सचा आवाज जन्माला आला. सिंबल असते तर हे जमलंच नसतं, कारण असा कॉम्प्रेसर सगळ्यात आधी सिंबलची शेपटी वर ओढतो.

करायचं असं. किटपासून ३–४ मीटरवर एक माइक. त्यावर कॉम्प्रेसर, रेशो (दाबण्याचं प्रमाण) २०:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) शक्य तितका जलद, गेन रिडक्शन (आवाज किती दाबला ते) १५ डीबीपर्यंत गेलं तरी घाबरू नका. त्यापुढे गेट. पण गेटला इशारा खोलीच्या माइकचा द्यायचा नाही, स्नेअरच्या जवळच्या माइकचा द्यायचा. होल्ड (गेट उघडं राहण्याचा वेळ) २५०–३०० मिलिसेकंद, रिलीज (बंद व्हायला लागणारा वेळ) ३०–५०. ८४ टेम्पोला अर्धी मात्रा ३५७ मिलिसेकंदांची होते, म्हणजे पुढच्या ठोक्याआधी शांतता मिळते. खरी भीती त्या शांततेची असते. ती रिव्हर्बने भरून टाकू नका.

नेहमी फसतं ते इथे: हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी सिंबलची जोडी) स्नेअरच्या माइकमध्ये शिरतो आणि गेट भलत्याच ठिकाणी उघडतो. इशाऱ्याच्या वाटेवर फिल्टर लावून फक्त १५०–४०० हर्ट्झ जाऊ द्या.

सिंबल नुसते काढून घेतलेत तर ड्रमरचा हात अडखळतो, लय लंगडते. त्या जागी रबरी सराव-पॅड बसवा. हात नेहमीसारखाच फिरतो, आवाज येत नाही. लागतील तेवढे सिंबल मागाहून वेगळे घ्या.

अजून एक. किट जड वाटायला हवा असेल तर १०० टेम्पोला वाजवून घ्या आणि पूर्ण रेकॉर्डिंग तीन सेमीटोन खाली ओढा. १०० भागिले १.१८९, म्हणजे जवळजवळ ८४. सॉफ्टवेअरमध्ये 'पिच कायम ठेवा' हा पर्याय बंद हवा, नाहीतर नुसता वेग कमी होतो आणि ठोक्यांच्या कडा चिरफाळतात. रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला ९६ हजार नमुने) करा.

रीळवाला
टेपची मापं घ्या. वेग साडेसात इंच प्रतिसेकंद, म्हणजे १९.०५ सेंटिमीटर. ८४ टेम्पोला ८ मात्रा ५.७१ सेकंदांच्या, लूप १०८.९ सेंमी. दुसरा लूप ७ मात्रांचा करा: बरोबर ५ सेकंद, ९५.२५ सेंमी. दोन्ही एकत्र सोडले की ५६ मात्रांनी, म्हणजे ४० सेकंदांनी, त्यांची सम एकत्र येते. मधला सगळा वेळ दोघे एकमेकांवरून घसरत असतात. दोन मशीन्स नसतील तर एकेक लूप पाच-पाच मिनिटं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

काप ४५ अंशात, जोडपट्टीच्या साच्यात धरून. ब्लेड चुंबकीय झालेलं असेल तर प्रत्येक फेरीला जोडावर 'टक' ऐकू येतं, म्हणून ते डीमॅग्नेटाइझ करून घ्या. दोन्ही टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत, फट नको, चढ नको. जोडपट्टी टेपच्या पाठीला लावायची, ऑक्साइडच्या (आवाज नोंदला जातो त्या) बाजूला कधीच नाही. पाव इंची टेपसाठी ती ७/३२ इंच रुंदीची मिळते. मुद्दामच किंचित अरुंद, म्हणजे कडा बाहेर येत नाहीत. घरातला सेलोटेप वापरू नका. त्याचा डिंक पाझरतो, पुढच्या वेढ्याला चिकटतो आणि हेडवर जातो.

लूप रिळांवरून न्यायचा नाही. हेडवरून, कॅपस्टन (टेप ओढणारा फिरता दांडा) आणि रबरी रोलरच्या मधून काढून बाहेर माइक स्टँडच्या उभ्या दांडीला वळसा द्या. स्टँड मागे-पुढे सरकवून ताण जुळवा: टेप हेडला टेकलेली राहील इतकाच. जास्त ओढलात तर सूर डगमगतो, सैल ठेवलात तर वरची धार, म्हणजे उंच कंपनांचा आवाज, जाते (गडद अल्बमला ती गेलेली चालेलही, तो भाग वेगळा). काही मशीन्समध्ये ताणाची दांडी खाली पडली की मोटार थांबते. ती रबरबँडने वर बांधून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं: काप १ मिलिमीटर चुकला की दर फेरीला ५ मिलिसेकंदांचा फरक पडतो. सोळा फेऱ्यांत ८४. क्लिकवर वाजवलेल्या ड्रम्सखाली असा लूप मागाहून टाकलात तर मिनिट-दीड मिनिटात लय फाटते. म्हणून आधी लूप रेकॉर्ड करा आणि ड्रमरला त्याच्यावर वाजवू द्या. क्लिक नकोच.

कोरडा_घसा
रिव्हर्बबद्दल कोणी बोललंच नाही. प्रत्येक ट्रॅकवरचे काढून टाका, एकच सेंड (सगळ्या ट्रॅकना मिळून एक सामायिक रिव्हर्ब) ठेवा. रिव्हर्बच्या आधी २५० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर), नंतर ४–५ किलोहर्ट्झला लो-पास (त्यावरचं कापणारा), प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीची उसंत) ४५ मिलिसेकंद. बेस आणि किक त्यात पाठवायचेच नाहीत.

गायक शक्यतो कोरडाच. अंतर हवं असेल तर खोलीचं अंतर वापरा. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत १९७७ साली निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने गायक डेव्हिड बोवीसमोर तीन माइक लावले होते: सुमारे २३ सेंमी, ६ मीटर आणि १५ मीटर. लांबच्या दोघांवर गेट, आवाज चढवला तरच उघडणारे. दोन माइक आणि साधी लांब खोली असली तरी हे करता येतं.

फोनवर बेस गायब होणारच, सी ३२.७ हर्ट्झचा आहे. पातळी वाढवून उपयोग नाही. बेसची एक प्रत काढा, २०० च्या खालचं कापा, थोडं सॅच्युरेशन (सौम्य डिस्टॉर्शन) द्या आणि ८०० च्या वरचं कापून मूळ ट्रॅकखाली हळूच मिसळा. कान हार्मोनिक्सवरून (मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या सुरांवरून) मूळ सूर ओळखतो.

मंद्र_७
धन्यवाद, भरपूर मिळालं. एक शंका: सिंबल नंतर घ्यायचे तर हाय-हॅटचंही तसंच का? आणि मास्टरिंगला (अल्बमवरचा शेवटचा हात फिरवणाऱ्याला) काय सांगायचं?

बारा_मात्रा
हो, हाय-हॅटही नंतर. किंवा घेऊच नका. तोच पॅटर्न फ्लोअर टॉमच्या कडेवर काठीने वाजवून बघा, टॉमवर जाडसर फडकं टाकून.

कोरडा_घसा
मास्टरिंगवाल्याला लेखी कळवा की वरची धार मुद्दाम कमी ठेवली आहे. नाहीतर सवयीने १० किलोहर्ट्झच्या वर दोन डीबी चढवून परत येईल. लिमिटरने (शिखरं दाबून एकूण आवाज मोठा करणाऱ्या यंत्राने) दाबू नका. स्पॉटिफाय साधारण −१४ एलयूएफएसच्या (ऐकू येणारा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास आणून ठेवतं, तेव्हा दाबून मिळवलेला मोठेपणा तिथे कापलाच जातो आणि गेटनंतरची शांतताही भरून निघालेली असते. तुलनेसाठी दुसरं गाणं लावाल तेव्हा दोन्हींची पातळी आधी सारखी करा.

खुंटी_पीळ
आणि दुसरी गिटार सीमध्ये लावायलाच हवी असं नाही. तिला ई मध्येच राहू द्या, वरचा भाग तिचाच आहे. नव्या तारांचा खर्चही एका सेटने कमी.