एकच आर्केड मशीन नवख्यांना आणि मुरलेल्यांना पुरेल का?

काजूबोंड: फोंड्याजवळच्या आमच्या मंडळाच्या खोलीत चवथीपूर्वी आर्केड मशीन (उभ्या कपाटातलं व्हिडिओ गेमचं यंत्र) उभं करायचं आहे. १८ मिमी प्लाय, जुना टीव्ही, यूएसबी एन्कोडर (स्टिक-बटणांचे इशारे गेमपर्यंत पोचवणारा बोर्ड), आठ दिशांची एक स्टिक, सहा बटणं. पॅक-मॅन चालतो, पण वळणावर स्टिक ऐकत नाही आणि एक बटण सतत दाबलेलंच दिसतं. शिवाय मोबाइलवर कँडी क्रश खेळणाऱ्या काकी आणि फायटिंगवाली मुलं, दोघांसाठी वेगळे गेम ठेवू का?

माटोळी: पॅक-मॅनची (१९८०) मूळ स्टिक चार दिशांची. तुमची जरा तिरकी गेली की दोन स्विच एकदम दाबले जातात आणि वळण चुकतं. स्टिकखालची चौकोनी गेट प्लेट (स्टिक किती आणि कुठे हलेल ते ठरवणारी पट्टी) सोडवून ४५ अंशांत फिरवून बसवा, तिरके कोपरे बंद होतील. स्ट्रीट फायटर २ ला मात्र तिरक्या दिशा हव्यातच, त्याला दुसरी स्टिक लावा. बटणाच्या मायक्रोस्विचला तीन टोकं असतात: कॉमन (सामायिक), एनओ (दाबल्यावरच जोडलं जाणारं) आणि एनसी (न दाबता जोडलेलं). वायर कॉमन आणि एनओला हवी. एनसीला लागली तर न दाबताही बटण दाबलेलंच. एवढ्या जाड प्लायमध्ये खटक्याची बटणं धरत नाहीत, मागून नट लागणारी घ्या. टीव्हीवर गेम मोड (चित्र उशिरा न दाखवण्याची सेटिंग) चालू करा, नाहीतर हात आणि पडदा जुळणार नाहीत.

पोफळ: वेगळे गेम नकोत. पॅक-मॅनला फक्त स्टिक लागते, काकी पहिल्या मिनिटात खेळू लागतील. मुलांना पुरेल इतकी खोलीही त्यात आहे: कोपऱ्याच्या किंचित आधी स्टिक वळवली तर पॅक-मॅन कोपरा कापून निघतो, भुतांना ते जमत नाही. मोठा ठिपका खाल्ल्यावर भुतं निळी (खाता येण्याजोगी) राहण्याचा वेळ पुढे घटत जातो आणि शेवटी उरतच नाही. हुबेहूब तोच मार्ग धरला तर भुतंही तशीच चालतात, म्हणून मार्ग पाठ करता येतात. २५६ व्या लेव्हलला अर्धा पडदा विस्कटतो, कारण लेव्हलची मोजणी ८ बिटांत, म्हणजे फक्त २५५ पर्यंतच बसते.

पॅक-मॅनच्या डिप स्विचमध्ये (गेमच्या सेटिंगचे छोटे स्विच) १, २, ३ किंवा ५ जीव मिळतात. एरवी ५ ठेवा, स्पर्धेला ३. इतर गेममध्ये फुकट कंटिन्यू (हरल्यावर तिथूनच पुन्हा खेळणं) बंदच करा. नाणं संपण्याची धास्ती गेली की मुरलेला खेळाडू दहा मिनिटांत उठतो. मूळ पॅक-मॅन नावं नोंदवत नाही आणि वीज गेली की हायस्कोअरही विसरतो. शेजारी खडूचा फळा हवाच.

काजूबोंड: प्लेट फिरवली, वळणं बसली. बटणाची वायर एनसीलाच होती. पावसाळ्याचं काय?

माटोळी: प्लायच्या कापलेल्या कडांना दोन हात वॉर्निश मारा, पाणी तिथूनच शिरतं. जोडणीच्या क्लिपा दमट हवेत हिरव्या पडतात, त्यावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. मागे वर आणि खाली जाळीची भोकं ठेवा. पॅनल पत्र्याचं असेल तर त्याला अर्थिंग द्यायला विसरू नका.