प्युअर डायरेक्टने सबवूफर गप्प
‘गाण्यांसाठी रिसीव्हरवर (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरवर) प्युअर डायरेक्ट, म्हणजे आवाजावरची प्रक्रिया बंद करणारा मोड, लावा’ असा सल्ला दिला जातो. तो मोठ्या फ्लोअरस्टँडिंग (जमिनीवर उभ्या) स्पीकरांना ठीक. चार-पाच इंची वूफरच्या बुकशेल्फ (छोट्या) स्पीकरांच्या जोडीला मारकच! बऱ्याच रिसीव्हरांत त्या मोडमध्ये रूम करेक्शन (खोलीनुसार आवाजाची दुरुस्ती) आणि बास मॅनेजमेंट (खर्ज सबवूफरकडे वळवणं) दोन्ही बंद होतात, सब म्हणजे खर्जाचा वेगळा स्पीकर गप्प बसतो, तबल्याचा डग्गा पोकळ वाजतो. त्यापेक्षा साधा ‘स्टीरिओ’ मोड लावा; सेटिंगमध्ये फ्रंट (समोरचे स्पीकर) ‘स्मॉल’, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा खर्ज सबकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्‌झ. ऑटो कॅलिब्रेशनने (रिसीव्हर माइक लावून स्वतः करतो ती मोजणी) फ्रंट ‘लार्ज’ केले असतील तर हाताने बदला.

सबच्या मागचा क्रॉसओव्हर नॉब मात्र शेवटपर्यंत फिरवा, नाहीतर रिसीव्हरचा आणि सबचा असे दोन फिल्टर एकावर एक बसून ८०च्या आसपास खड्डा पडतो. आणि कॅलिब्रेशनने सबचं अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त दाखवलं तर ‘दुरुस्त’ करू नका. त्यात सबच्या आतल्या सर्किटचा विलंब धरलेला असतो.