मदत हवी आहे: क्लार्क, जुना अमेरिकन डबल्सवाला

घाईगडबड: क्विझसाठी प्रश्न काढायचाय, शनिवारी राऊंड आहे. क्लार्कने 1881 ला अमेरिकेची टेनिस डबल्स जिंकली, मग थेट 1885 ला. मधली वर्षं गडी होता कुठे? दुखापत, की खेळच सोडला होता? जरा लवकर सांगा प्लीज.

रॅकेटराव: कोणता क्लार्क? पूर्ण नाव, जोडीदार, काहीतरी द्या.

घाईगडबड: फिलाडेल्फियाचा हो. असे किती क्लार्क असणार?

जिमखानाकाका: त्यापेक्षा ड्वाइट डेव्हिस घ्या. होलकोम्ब वॉर्डबरोबर 1899 ते 1901 सलग तीनदा जिंकला. 1900 मध्ये डेव्हिस चषक दिला आणि पहिल्या लढतीत स्वतः उतरलाही. क्लार्क कोणाला येणारे?

रिकामटेकडा: काका, विचारलंय काय, सांगताय काय! खरा मसाला 1881 च्या न्यूपोर्टमध्ये आहे, तिथेच ती स्पर्धा झाली. क्लॅरेन्स क्लार्कचा जोडीदार फ्रेड टेलर, म्हणजे 'सायंटिफिक मॅनेजमेंट'वाला (कामाचा वेळ मोजून काम बसवणारा) फ्रेडरिक विन्स्लो टेलर. एमबीएला ज्याने आम्हाला छळलं तोच, स्टॉपवॉचवाला. क्लार्कचा मेहुणा. फायनल 6-5, 6-4, 6-5.

अवली: 6-5 कसं असेल? 7-5 असणार. टायपो.

रिकामटेकडा: टायपो नाही. तेव्हा 5-5 झालं की पुढच्या एका गेमवर सेट.

जिमखानाकाका: उत्तम नियम. हल्ली टायब्रेकपर्यंत माझे गुडघे टिकत नाहीत. सिमेंट कोर्टवर खेळणाऱ्यांनी कोणते बूट घ्यावेत, कोणी सांगेल का?

रॅकेटराव: बुटांचा वेगळा धागा काढा, काका. @घाईगडबड, तुमचे क्लार्क दोन आहेत, सख्खे भाऊ. 1881 चा क्लॅरेन्स. 1885 ला रिचर्ड सीअर्सबरोबर जिंकला तो जोसेफ. मधली तीन वर्षं सीअर्स आणि जेम्स ड्वाइट कोणाला जिंकू देत नव्हते. क्लॅरेन्स गायब वगैरे नव्हता, 1882 ला सिंगल्सच्या फायनलमध्ये सीअर्सकडूनच हरला. 1883 ला दोघे भाऊ इंग्लंडला जाऊन रेनशॉ जुळ्यांकडून मार खाऊन आले. क्लॅरेन्स राष्ट्रीय टेनिस संघटनेचा पहिला सचिव, जोसेफ पुढे अध्यक्ष.

घाईगडबड: म्हणजे प्रश्नच बाद. बरं, टेलरवाला घेतो. पण 'टेनिस' म्हटलं की मॅनेजमेंटवाले लगेच ओळखतील का?

रिकामटेकडा: नाही ओळखणार. अजून अवघड हवं तर 1900 च्या ऑलिंपिकचं गोल्फ विचारा. त्यात टेलर चौथा आला होता.

अवली: 6-5 अजून पटत नाहीये.