फुटला म्हणजे संपला, असं नाही
कुणीतरी लिहिलंय की सुपरनोव्हा (म्हणजे ताऱ्याचा शेवटचा प्रचंड स्फोट) काही महिन्यांत विझतो, मग मोठ्या दुर्बिणींचा वेळ कशाला घालवायचा. अहो, खरी गंमत तर नंतर सुरू होते! सुपरनोव्हा 1987ए बघा ना. फेब्रुवारी 1987 मध्ये मोठा मॅगेलानिक मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत दिसला, अंतर साधारण 1 लाख 68 हजार प्रकाशवर्षं, म्हणजे खगोलाच्या हिशोबात शेजारचं घर. (आपल्याकडून तो भाग क्षितिजाला टेकलेला, त्यामुळे दिसत नाही म्हटलं तरी चालेल.) साध्या डोळ्यांना दिसायचा, मग मावळला, पण हबल या अवकाश दुर्बिणीने वर्षानुवर्षं त्याचे फोटो काढले. ताऱ्याने फुटायच्या सुमारे 20 हजार वर्षं आधी बाहेर टाकलेल्या वायूचं कडं त्याच्याभोवती आहे, आणि 1990च्या दशकाच्या मध्यापासून स्फोटाची लाट त्या कड्यावर आदळायला लागली तसा आधी एक ठिपका उजळला, मग दुसरा, करत करत आख्खं कडं बोरमाळेसारखं मणी मणी होऊन चमकायला लागलं. ते फोटो ओळीने लावून बघा, अंगावर काटा येतो. एकच फोटो काढून थांबले असते तर हे कळलंच नसतं.

आणि मधोमध काय उरलं? ताऱ्याचा गाभा कोसळताना सुटणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण तर 1987 मध्येच सापडले होते, म्हणजे न्यूट्रॉन तारा (कोसळलेल्या गाभ्याचा अतिघन गोळा) तयार झाला असणार, पण धुळीमुळे काहीच दिसेना. शेवटी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला मध्यभागातून आलेल्या प्रकाशात आयनीभूत (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) अरगॉन वायूच्या रेषा मिळाल्या; तिथल्या वायूचे इलेक्ट्रॉन उडवायला न्यूट्रॉन ताऱ्यासारखा जोरदार किरणांचा स्रोत लागतो. 2024 मध्ये शोधनिबंध आला. थेट तारा दिसलेला नाही, पण पुरावा भक्कम आहे. 37 वर्षं लागली!